पंधरा अडवले, दोन गेले

२ जुलै २०१४. रात्रीचा दीड वाजला होता आणि बाहेर पावसाची झड लागली होती. कोल्हापुरात वर्ल्ड कपच्या महिन्यात रात्रीचा दीड ही काही अवेळ नव्हे. पेठेतल्या निम्म्या घरांतून टीव्हीचा उजेड दिसत असतो आणि ब्राझील-अर्जेंटिनाचे फलक चौकात समोरासमोर उभे असतात. पण त्या रात्री सामना होता अमेरिका आणि बेल्जियमचा, ब्राझीलमधल्या साल्वादोरला. या दोघांसाठी आमच्या गल्लीत कुणी डोळ्याला डोळा न लावता बसणार नव्हतं. जागे होतो आम्ही तिघंच: मी, माझा भाऊ आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा.

भाऊ म्हणजे पेठेतल्या एका संघाचा जुना गोलकीपर. शाहू स्टेडियमवर कितीतरी हंगाम खेळला. त्याच्या उजव्या हाताची करंगळी मधल्या पेरातून बाहेर वळलेली आहे. चहाचा कप धरला की चार बोटं कपाला आणि ही एकटी हवेत. दुपारीच त्याचा फोन आला होता, "ताई, आज रात्री पोराला उठव. शाळा बुडली तर बुडू दे. अमेरिकेचा गोलकीपर बघू दे त्याला."

"का रे? अमेरिकेचं काय विशेष?"

"उठव तू. मी येतोच."

मुलाचं आधीच्या दोन वर्षांचं सांगायला हवं. सुरुवात डोळे मिचकावण्यापासून झाली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले. मिचकावणं थांबलं आणि उजवा खांदा उडायला लागला. मग घशातून एक आवाज यायला लागला, खाकरल्यासारखा, तोंड मिटलेलं असताना. जंतांचं औषध झालं. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. शाळेच्या डायरीत बाईंचा शेरा आला: वर्गात मुद्दाम आवाज काढतो. मी त्याला त्या शेऱ्यावरून रागावले. "तुला कळत नाही का, गप्प बसता येत नाही का," असं म्हणाले. त्याने मान खाली घातली आणि तशा खाली घातलेल्या मानेतूनच खांदा उडाला. तो क्षण मला आजही नीट आठवतो, विसरायचा म्हटला तरी.

मे महिन्यात पुण्याच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं. टुरेट. हा मेंदूशी संबंधित विकार आहे आणि मूल सहा-सात वर्षांचं असताना तो डोकं वर काढतो. मुलींपेक्षा मुलांत तो बराच जास्त. दहा-बाराव्या वर्षी जोर वाढतो आणि पुष्कळांच्या बाबतीत मोठेपणी ओसरतो. ज्या फ्रेंच डॉक्टरांनी १८८५ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं, त्यांचं नाव त्याला मिळालं. डॉक्टर म्हणाले, "शिंक येण्याआधी नाकात कसं होतं? तसं याला खांद्यात होतं. थोडा वेळ दाबून धरता येतं, कायमचं नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तो मुद्दाम करत नाही." घरी येताना गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते.

तर त्या रात्री सामना सुरू होऊन मिनिटही झालं नव्हतं, तोच बेल्जियमचा ओरिगी मोकळा सुटला आणि त्याने फटका मारला. अमेरिकेच्या गोलपोस्टमधल्या दाढीवाल्या, टक्कल केलेल्या माणसाने पाय टाकून तो अडवला. भाऊ पुढे सरकून बसला आणि मुलाला म्हणाला, "हा टिम हॉवर्ड. ह्याला पण तेच आहे, तुला आहे ते."

मुलगा काही बोलला नाही. सोफ्यावरून उतरून टीव्हीच्या पुढ्यात जमिनीवर जाऊन बसला. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "आणि तरी ह्याला खेळायला घेतात?"

"अकरा वर्षं झाली, इंग्लंडमध्ये खेळतोय."

हॉवर्डची गोष्ट मी नंतर शोधून शोधून वाचली, जसं एखादी आई आपल्या मुलाच्या आजाराबद्दल मिळेल ते वाचते तशी. जन्म १९७९ चा, न्यू जर्सीतल्या नॉर्थ ब्रन्सविकचा. वडील कृष्णवर्णीय अमेरिकन, ट्रकचालक. आई हंगेरीत जन्मलेली. टिम लहान असतानाच दोघं वेगळे झाले आणि मुलं आईकडे वाढली. दहाव्या-अकराव्या वर्षी टुरेटचं निदान झालं, त्याच्या जोडीला मंत्रचळ. वस्तूंना ठराविक क्रमाने हात लावल्याशिवाय त्याला पुढे जाता येत नसे. त्याच सुमारास टिम मल्क्वीन नावाच्या प्रशिक्षकांनी त्याला पाहिलं. गोलकीपरच्या खास शिकवणीची फी आईला झेपणारी नव्हती, तर त्यांनी ती माफ केली. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. पोराचे डोळे मिचकावताना त्यांनाही दिसलेच असतील. त्यांनी त्याचे हात बघितले.

ते हात बास्केटबॉलनेही घडवले होते. हॉवर्ड शाळेच्या बास्केटबॉल संघात होता. भाऊ म्हणतो, अमेरिकेने जगाला पुढच्या फळीचे खेळाडू फारसे दिले नाहीत, पण गोलकीपर दिले, कारण तिथली पोरं लहानपणापासून हातांचे खेळ खेळतात. केसी केलर आणि ब्रॅड फ्रीडेल हॉवर्डच्या आधी इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं टिकले. फ्रीडेल तर प्रीमियर लीगमध्ये सलग ३१० सामने खेळला. म्हणजे वाट मळलेली होती. पण त्या वाटेने टुरेट असलेला माणूस कुणी गेला नव्हता.

हॉवर्ड १९९८ मध्ये मेट्रोस्टार्स या न्यू यॉर्क-न्यू जर्सीच्या संघात आला आणि २००१ मध्ये अमेरिकेच्या लीगचा सर्वोत्तम गोलरक्षक ठरला. २००३ मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्याला घेतलं, फाबियें बार्थेझच्या जागी. तेव्हा इंग्लंडमधल्या काही वर्तमानपत्रांनी त्याच्या आजारावरून जे मथळे दिले, ते वाचून माझ्या हाताची मूठ वळली. आमच्या डायरीतल्या एका शेऱ्याने मला रात्रभर झोप लागली नव्हती, इथे तर सगळा देश वाचत होता. त्या मोसमाअखेर इंग्लंडमधल्या व्यावसायिक खेळाडूंनी आपापसांत मतदान करून वर्षाचा संघ निवडला, त्यात गोलपोस्टमध्ये हॉवर्डचं नाव होतं. ज्यांनी त्याच्यावर फटके मारले होते, त्यांचं ते मत होतं.

पण त्याच मोसमात ९ मार्च २००४ ही तारीखही आहे. चॅम्पियन्स लीग, ओल्ड ट्रॅफर्ड, समोर पोर्तुगालचा पोर्टो. पहिला सामना युनायटेडने २-१ असा गमावलेला, इथे १-० ची आघाडी, आणि बरोबरीत परक्या मैदानावरचा गोल वरचढ धरत असल्याने तेवढ्यावर पुढची फेरी पक्की होती. ९०व्या मिनिटाला पोर्टोला फ्री किक मिळाली. बेनी मॅकार्थीने मारली. हॉवर्ड झेपावला, बॉल हाताला लागला, पण धरताही आला नाही आणि लांबही गेला नाही. तो कोस्टिन्याच्या पायात पडला. गोल. कडेने एक तरुण प्रशिक्षक कोट उडवत धावत सुटला, तो जोझे मोरिन्यो. पुढे पोर्टोने तो करंडकच जिंकला आणि ती धाव जगभर दाखवली जाते. त्या चित्रात हॉवर्ड नसतो.

भावाने मला हा प्रसंग समजावून सांगितला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. "ताई, पुढच्याने दहा वेळा मारलं आणि एकदा लागलं, तर तो हिरो. आपण दहा वेळा अडवलं आणि एकदा सुटलं, तर गावात तोंड दाखवायची चोरी. मी एकदा फायनलला सोडला होता. पंधरा वर्षं झाली, अजून पानपट्टीवर विचारतात." तो करंगळीकडे बघत होता. मला तेव्हा कळलं की तो माझ्या पोराबद्दलही बोलतोय. वर्गात सहा तास बसून पोराने किती वेळा खांदा आवरला, किती वेळा घशातला आवाज गिळला, हे डायरीत कधीच येणार नव्हतं. जो एक निसटला, त्याच्यावर शेरा होता. घरी आल्यावर दप्तर टाकून तो दोन-दोन तास नुसता उडत राहायचा. शाळेत दाबलेलं सगळं घरी बाहेर पडायचं, आणि मला वाटायचं, घरीच जास्त नाटकं करतो.

पोर्टोनंतर हॉवर्डची जागा डळमळीत झाली. कधी तो, कधी रॉय कॅरोल. २००५ मध्ये एडविन व्हान डर सार आला आणि प्रश्नच मिटला. २००६ मध्ये त्याला इंग्लंडमधल्याच एव्हर्टन या संघाला उसना दिला, आणि पुढच्या वर्षी तो तिथलाच झाला. दहा मोसम, ४१४ सामने. मधली वर्षं मी भराभर सांगते, कारण चांगल्या गोलकीपरची चांगली वर्षं सांगायला फारसं काही नसतं. २००९ मध्ये एफए कपच्या उपांत्य सामन्यात समोर जुनाच संघ होता, मँचेस्टर युनायटेड. पेनल्टी शूटआउटमध्ये त्याने दोन अडवल्या, बर्बातोवची आणि फर्डिनांडची. त्याच वर्षी कॉन्फेडरेशन्स कपमध्ये अमेरिकेने स्पेनला २-० ने हरवलं. स्पेन त्याआधी सलग ३५ सामने हरला नव्हता. अंतिम सामना ब्राझीलने ३-२ ने जिंकला, पण स्पर्धेचा सर्वोत्तम गोलरक्षक हॉवर्ड ठरला.

एक दिवस मात्र सांगायलाच हवा. ४ जानेवारी २०१२, एव्हर्टनचं गुडिसन पार्क, समोर बोल्टन. वारा इतका की बॉल ठरत नव्हता. हॉवर्डने आपल्या गोलपाशी असलेला बॉल लांब टोलवून दिला. वाऱ्याने तो उचलला, पलीकडच्या गोलकीपरपुढे टप्पा पडला, त्याच्या डोक्यावरून उसळला आणि जाळीत. प्रीमियर लीगमध्ये त्याआधी फक्त तीन गोलकीपरांनी गोल केला होता. संघातले सगळे धावत आले, मैदान डोक्यावर घेतलं गेलं. हॉवर्डने हात वर केले नाहीत. समोरच्या टोकाला बोल्टनचा अॅडम बोग्दान उभा होता, आणि त्या माणसाला आता काय वाटत असेल हे हॉवर्डला माहीत होतं. नंतर त्याने सांगितलंही की त्याला बोग्दानसाठी वाईट वाटलं. मी ही क्लिप किती वेळा बघितली असेल, मोजलेलं नाही. फुटबॉलमधलं मला फारसं कळत नाही, पण ज्याच्या हातून सुटलं त्याच्याकडे बघणारा माणूस मला कळतो.

साल्वादोरला परत येते. पूर्वार्ध संपला, ०-०. उत्तरार्धात बेल्जियमचे फटके पावसासारखे येत होते. हॉवर्ड हाताने अडवत होता, त्याहून जास्त पायाने. जिथे हात पोचणार नाही तिथे अचानक त्याची पोटरी आडवी यायची, बुटाचं टोक यायचं. त्यातला एक फटका मिरालासचा होता. मिरालास एव्हर्टनचाच, रोज सरावाला त्याच्याच समोर मारणारा. भाऊ आमच्या दोघांच्या मध्ये गुडघ्यावर बसला होता आणि प्रत्येक फटक्याला त्याचं अंग त्या बाजूला जात होतं. मुलाने बोटं मोजायला सुरुवात केली होती. दहा झाल्यावर तो भावाला म्हणाला, "मामा, तुझी बोटं दे." वाकडी करंगळीसुद्धा मोजणीत आली.

मला तेव्हा लक्षात आलं की तासभर त्याचा खांदा हललेला नाही.

९० मिनिटं संपत आली असताना वोंडोलोव्स्कीला अगदी गोलच्या तोंडाशी बॉल मिळाला आणि त्याने तो बाहेर मारला. तिथे अमेरिका जिंकली असती. जादा वेळ सुरू झाला आणि बेल्जियमने ताज्या दमाचा लुकाकू आत सोडला. तोही एव्हर्टनकडून त्या मोसमात खेळलेला. ९३व्या मिनिटाला त्यानेच बाजूने मुसंडी मारली, बॉल फिरून डी ब्रॉयनापाशी आला, आणि गोल. १०५व्या मिनिटाला लुकाकूने स्वतः दुसरा मारला. अमेरिकेच्या ज्युलियन ग्रीनने १०७व्या मिनिटाला एक फेडला, पण तो पुरला नाही. सामना २-१ ने गेला.

मुलगा रडेल असं मला वाटलं होतं. तो टीव्हीकडे बघत म्हणाला, "पंधरा अडवले, दोन गेले."

फिफानेही तेवढेच मोजले. १९६६ पासून अशा नोंदी आहेत, आणि वर्ल्ड कपच्या एका सामन्यात इतके फटके तोवर कुणी अडवले नव्हते. दुसऱ्या दिवशी अमेरिकेत हॉवर्डशिवाय दुसरा विषय नव्हता. विकिपीडियावर कुणीतरी देशाचा संरक्षणमंत्री म्हणून त्याचंच नाव टाकून दिलं आणि खऱ्या संरक्षणमंत्र्यांनी त्याला फोन केला. अध्यक्ष ओबामांचाही फोन गेला. हरलेल्या सामन्यानंतर हे सगळं. मी पेपरात वाचत होते आणि माझ्या मनात एवढंच येत होतं: अखेर एकदा कुणीतरी अडवलेले मोजले.

आता जी चूक मी केली ती सांगते. त्या रात्रीनंतर आमच्या घरी हिशेब सुरू झाला. शाळेतून आला की मी विचारायचे, "आज किती अडवले?" तोही मोठ्या अभिमानाने सांगायचा. "आज बारा अडवले, चार गेले." "आज वीस, एकच गेला." मी लाडू द्यायचे. मला वाटायचं, पोराला जिद्द मिळाली. महिन्याभराने तो गणितात नापास झाला, आणि संध्याकाळी इतका उडायला लागला की मानेला सूज आली.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "हे बंद करा. अडवायला ताकद लागते. सगळी तिकडेच खर्च झाली तर फळ्यावरचं बघायला काय उरणार?" दाबून ठेवण्याऐवजी खांदा उडावासा वाटला की कोपर हलकेच अंगाशी धरून कळ जाऊ द्यायची, असा सराव त्यांनी सुरू करून दिला. आणि वर्गात आधीच सांगून टाका म्हणाले. आम्ही सांगितलं. नव्या वर्षाच्या बाईंनी त्याला खिडकीशेजारचा बाक दिला आणि हवं तेव्हा पाणी प्यायला बाहेर जायची मुभा दिली. एवढ्या साध्या गोष्टीला आम्हाला दोन वर्षं लागली.

त्याच सुमारास भावाने हॉवर्डची एक जुनी मुलाखत शोधून काढली, एका जर्मन नियतकालिकाला दिलेली. त्यात हॉवर्डला विचारलं होतं की मैदानावर तू हे झटके कसे आवरतोस. तर तो म्हणतो की मी आवरतच नाही. बॉल लांब असताना ते येतात, मी येऊ देतो. बॉल जवळ आला की थांबतात, आणि ते कसं हे मलाही सांगता येत नाही, डॉक्टरांनाही नाही. मोठ्या सामन्याआधी झटके वाढतात. औषध तो घेत नाही, कारण त्याने सुस्ती येईल ही त्याला भीती. मी हे दोनदा वाचलं. त्या पंधरा फटक्यांशी त्याच्या टुरेटचा मी जो सांधा जोडला होता, तो माझाच होता. अंगाशी तो झुंजतच नव्हता. गोलकडे येणारं तेवढं अडवायचं, मान उडाली तर उडू द्यायची, हे त्याने कधीतरी आपल्याशी ठरवून टाकलं होतं.

मी मुलाला लाडू देणं चालू ठेवलं, विचारणं बंद केलं.

हॉवर्डचा शेवट गोड झाला असं म्हणता येत नाही. २०१६ मध्ये तो कोलोरॅडो रॅपिड्सकडे मायदेशी परतला. १० ऑक्टोबर २०१७ ला त्रिनिदादमधल्या कूव्हाला अमेरिका २-१ ने हरली आणि २०१८ च्या वर्ल्ड कपसाठी पात्रच ठरली नाही. पहिला गोल त्याच्याच खेळाडूच्या पायाला लागून वळला होता, दुसरा लांबून आला. देशासाठीचा तो त्याचा १२१वा आणि शेवटचा सामना. अमेरिकेच्या कुठल्याही गोलकीपरने इतके खेळलेले नाहीत. २०१९ च्या मोसमानंतर त्याने हातमोजे काढले. पुढच्या वर्षी मेम्फिसच्या क्लबसाठी थोडे दिवस पुन्हा घातले, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं. न्यू जर्सीतलं टुरेट केंद्र त्याच्या नावाने मुलांसाठी शिबिर घेतं. टुरेट असलेली किशोरवयीन मुलं तिथे एकत्र राहतात. अशी मुलं एका खोलीत बसली असतील, कुणाचा खांदा, कुणाचा डोळा, आणि कुणी कुणाकडे वळून बघत नसेल, हे चित्र मी पुष्कळदा डोळ्यांपुढे आणते.

मुलगा आता पुण्यात इंजिनियरिंगला आहे. खांदा बराच शांत झालाय, घशातला आवाज परीक्षेच्या दिवसांत परत येतो. मागच्या दिवाळीत घरी आला होता. फराळ झाल्यावर भाऊ आला, आणि दोघांनी मिळून साल्वादोरचा सामना पुन्हा लावला, अख्खा, १२० मिनिटांचा. मीही बसले. यावेळी मी काही वेगळंच शोधत होते. बॉल पलीकडच्या टोकाला असताना हॉवर्ड काय करतो ते मला बघायचं होतं. त्याची मान, त्याचे डोळे. पण दिसेना. तो पडद्यावर येतो तो बॉल त्याच्याकडे येतो तेव्हाच.

"अरे, जरा मागे घे," मी म्हणाले. "आपला हल्ला चालू असताना तो कुठे असतो? दाखवत कसे नाहीत?"

"नाही दाखवत आई. कॅमेरा बॉलच्या मागे असतो." त्याने चकलीचा तुकडा मोडला. त्याचा खांदा एकदा उडाला, आणि त्याने पुढचं वाक्य पूर्ण केलं. "तेवढा वेळ त्याचा असतो."